काळ्या कापडामागचा आवाज

हुपरीकर खुर्चीत बसला. चष्मा काढून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "लाव."

मी लावलं. तीच जुनी घरगुती बैठक, सिन्नरला कुणाच्या तरी माडीवर झालेली, हुपरीकरनं स्वतः ध्वनिमुद्रित केलेली. आधी तंबोरे, मग बाईंचा मारवा. विलंबित जरा पुढे गेल्यावर कुणीतरी पाण्याचं भांडं फरशीवर ठेवतं. ते भांडं ही आमची कसोटी होती. साध्या स्पीकरमधून नुसतं 'टक्' ऐकू येतं. मी घरी केलेल्या पडद्यांच्या स्पीकरमधून ते भांडं पितळेचं आहे हे कळायचं, आणि ठेवणाऱ्यानं ते आवाज न करता ठेवायचा प्रयत्न केला होता, हेही कळायचं.

भांडं वाजून गेलं. हुपरीकर शेवटपर्यंत हलला नाही. माझी बायको हेमा चहाचा ट्रे घेऊन आली ती दारातच उभी राहिली.

"काय?" मी विचारलं.

त्यानं डोळे उघडायला थोडा वेळ घेतला. "तांबट, याला तोड नाही."

"वरचं खुललंय ना?"

"खुललंय."

"मी दवाखान्यातून आल्यापासून तर मला आणखीच बरे वाटतात. त्यांनाही विश्रांती मिळाली म्हणायची."

हेमानं ट्रे ठेवला. हुपरीकरनं चहा बशीत ओतला आणि पुण्यात धरणातून सोडलेल्या पाण्याविषयी बोलायला लागला. मला ते आवडलं नाही. गाणं ऐकल्यावर एवढ्या लवकर पाण्यावर येणारा माणूस नव्हता तो. पण म्हटलं, वय झालं, प्रवासानं दमला असेल.

ही गणपतीतली गोष्ट. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

माझं सगळं आयुष्य नाशकात गेलं. वडील तांब्यापितळेची भांडी ठोकायचे. आमच्या आळीत पन्नाशीच्या माणसाला हाक मारायची म्हणजे त्याच्या खांद्याला हात लावायचा, इतकी सगळ्यांची ऐकण्याची बोंब. मी शिकून सातपूरला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात लागलो तेव्हा वडील म्हणाले, निदान तुझे कान वाचले. कारखान्यात मी टेस्टिंगला होतो. हजारो व्होल्टचा दाब द्यायचा आणि माल कुठे फुटतो ते बघायचं, हे काम. बाहेर दिवसभर प्रेस चालायच्या, पत्रे कापले जायचे. त्याला आवाज म्हणतात हे आमच्या डोक्यातही नव्हतं.

जयंत हुपरीकर पुण्याच्या रेडिओ केंद्रावर ध्वनिमुद्रण करायचा. एका मैफलीत आमची ओळख झाली. त्यानं एका पारशी गृहस्थाकडे विलायती पडदे ऐकले होते. "तांबट, त्यात खोकंच नाही," तो मला सांगत होता. "कर्णा नाही, लोहचुंबक नाही. दोन जाळीचे पत्रे, मधे ताणलेली फिल्म. गाणं हवेतून येतं रे, यंत्रातून नाही."

त्यानं ऐकलेलं होतं आणि मला व्होल्टेज येत होतं. मी म्हटलं, आपण करू.

तत्त्व सोपं आहे. पदराच्या सुतापेक्षा पातळ अशी प्लॅस्टिकची फिल्म चौकटीवर ताणायची, तिला वीज धरावी म्हणून ग्रॅफाइटची पूड चोळायची, आणि दोन जाळीदार पत्र्यांच्या मधोमध ती अशी बसवायची की कुणालाही चिकटणार नाही. फिल्मवर काही हजार व्होल्ट चढवून ठेवायचे. गाण्याचा करंट ट्रान्सफॉर्मरमधून वाढवून पत्र्यांना द्यायचा. पत्रे फिल्मला कधी ओढतात, कधी ढकलतात, आणि ती सगळीच्या सगळी एकदम हलते. तोच आवाज. तत्त्व सोपं, पण करताना आमचा जीव निघाला. कापसाच्या बोळ्यानं पूड चोळून आमचे तळवे आठवडाभर काळे राहायचे. केस वाळवायच्या यंत्रानं फिल्म तापवून ताणायची, तर ती नेमकी कोपऱ्यात फाटायची. पहिला पडदा ठिणगी पडून जळाला. दुसरा वाजला, पण पापड मोडल्यासारखा. दर शनिवारी हुपरीकर पुण्याहून एसटीनं यायचा आणि रविवारी परत जायचा.

शेवटी एका दुपारी दोन्ही पडदे नीट वाजले. पुरुषभर उंच, पुढे काळं झिरझिरीत कापड, खाली लाकडी खोक्यात ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेजचं सर्किट. बाईंनी षड्ज लावला आणि हेमानं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय हो?"

हुपरीकर आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. तेवढं हसू मी माझ्या लग्नातही हसलो नसेन.

सपाट पडद्याची एक खोड असते. तो आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ फेकतो. सगळं नीट ऐकू यावं अशी खोलीत एकच जागा असते. तिथे मी खुर्ची ठेवली. नातेवाईक आले की त्यांना एकेक करून त्या खुर्चीत बसवायचो, भांडं ऐकवायचो. काहींना कळायचं, काहींना नाही. ज्यांना नाही कळायचं त्यांच्याविषयी मी नंतर हेमापाशी बोलायचो. म्हणायचो, देवानं कान दिले ते चष्म्याच्या काड्या अडकवायला.

निवृत्त झालो आणि वेळच वेळ मिळाला. पडदे जुने व्हायला लागले होते. वरचे सूर बोथट येत होते, तंबोऱ्याची जव्हारी, तारांची ती झंकारती कड, मिटल्यासारखी झाली होती. मी फिल्म बदलली, आणखी पातळ आणली. ट्रान्सफॉर्मरची तार पुन्हा गुंडाळली. व्होल्टेज चढवलं. थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. प्रत्येक बदलानंतर हुपरीकरला बोलवायचो. तो खुर्चीत बसायचा आणि मी विचारायचो, "वरचं खुललं ना?" तो म्हणायचा, "खुललं." तो म्हणाला की माझा जीव भांड्यात पडायचा. त्याचे कान रेडिओत तयार झालेले होते, आणि आवाजाच्या बाबतीत तो कधी कुणाची भीड ठेवत नसे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास मी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलो. हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. डॉक्टरांनी पेसमेकर बसवला. नेमके त्याच दिवसांत अभय, म्हणजे माझा मुलगा, बदली होऊन बायको आणि तान्ह्या सईसकट घरी राहायला आला होता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, जास्त व्होल्टेजच्या वस्तूंमध्ये हात घालायचा नाही.

घरी आल्यावर अभय म्हणाला, "बाबा, तुमचे पडदे आहेत तिथेच आहेत. बटण लावा, ऐका. फक्त आतलं काही उघडायचं नाही. एवढं कबूल करा."

मी कबूल केलं. खरं सांगायचं तर मला गहिवरून आलं. मला वाटलं होतं, लहान मूल घरात आलंय, हे लोक पडदे माळ्यावर टाकायला सांगतील. तसं कुणी म्हणालं नाही. रोज संध्याकाळी मी खुर्चीत बसायचो आणि सई माझ्या पायाशी रांगत असायची. सूनबाई अधूनमधून काहीतरी विचारायची. तिचं बोलणं मला कळायचं नाही. फार तोंडातल्या तोंडात बोलते, असं मी हेमाला म्हणायचो.

मग हुपरीकर गणपतीत येऊन ऐकून गेला, ते मी सांगितलंच.

दिवाळीची साफसफाई निघाली. दर दिवाळीला पडद्यांचं काळं कापड उतरवून धुवायला द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. विजेचा दाब असल्यामुळे पडदे घरातली धूळ खेचून घेतात. वर्षभरात कापडाला धुळीचा असा थर बसायचा, की हेमा ते वेगळ्या बादलीत भिजवायची आणि पाणी ओतताना मला नावं ठेवायची. त्या वर्षी ती म्हणाली, "राहू द्या यंदा. कशाला उगाच हात लावता?"

मी म्हटलं, "कापडाला कसलं व्होल्टेज? बंद करून काढतो."

"नको म्हटलं ना."

ती भाजणी दळायला गिरणीवर गेली. अभय कामावर होता, सूनबाई सईला घेऊन डॉक्टरकडे. मी प्लग काढला आणि उजव्या पडद्याचं कापड उतरवलं.

कापड स्वच्छ होतं.

उजेडात धरून बघितलं, झटकून बघितलं. कपाटाच्या पाठीमागे बसते तेवढी धूळ होती, त्याहून जास्त नाही. टेस्टिंगला आम्हाला एक सवय लावलेली असते. बंद केलेल्या वस्तूलाही आधी उरलेली वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा दांडा लावायचा, मग हात. मी माझा दांडा शोधून आणला आणि लांबून फिल्मच्या कडेच्या पट्टीला टेकवला. सकाळीच पडदे चालू होते. 'चट्' व्हायला हवं होतं, बारीक निळी ठिणगी दिसायला हवी होती. काही झालं नाही. डाव्यालाही लावून बघितला. काही नाही.

मी खाली बसलो आणि मागून लाकडी खोक्याचे स्क्रू काढले.

आत माझा ट्रान्सफॉर्मर नव्हता. व्होल्टेजचं सर्किटही नव्हतं. एका फळीवर एक छोटा गोल स्पीकर बसवलेला होता, गाड्यांच्या दारात बसवतात तसला. अॅम्प्लिफायरची वायर थेट त्याला जोडली होती. खोक्याच्या पुढच्या अंगाला एक भोक पाडलं होतं आणि ते कापडाच्या खालच्या घडीमागे झाकलं जात होतं. काम अतिशय नीटनेटकं होतं; कापडही तेव्हाच धुऊन लावलं असणार. लाकडाला कुठे ओरखडा नाही. वायरी एकत्र घेऊन मेणाच्या दोऱ्यानं थोड्या थोड्या अंतरावर बांधल्या होत्या आणि प्रत्येक गाठ खालच्या बाजूला वळवलेली होती.

असं वायरी बांधणारा एकच माणूस मला माहीत होता. पूर्वी रेडिओत तसंच बांधायला शिकवायचे.

हेमा आली तेव्हा मी अजून जमिनीवरच बसलो होतो. तिनं माझ्याकडे बघितलं, उघड्या खोक्याकडे बघितलं आणि पिठाचा डबा घेऊन सरळ आत गेली. मी उठून तिच्या मागे गेलो.

"मी दवाखान्यात होतो तेव्हा हुपरीकर आला होता."

"आले होते की. तुम्हाला बघायला."

"मला बघून मग कुठे गेला?"

तिनं डबा ओट्यावर ठेवला, झाकण घट्ट आहे का बघितलं. "सई रांगायला लागणार होती," ती म्हणाली. "त्या खोक्याला मागून हवेसाठी भोकं ठेवलीत तुम्ही. तिचं बोट जातं त्यात. अभयला झोप लागत नव्हती."

"मला सांगायचं."

"कुणाला सांगणार? डॉक्टर म्हणत होते, त्यांना मनाला लागेल असं काही बोलू नका. घरी आल्या आल्या सांगायचं, की पडदे बंद केले?"

"म्हणून मला फसवलं. एवढे महिने. मी रोज तिथे बसतोय आणि तुम्ही सगळे माझ्यासमोर—"

"समोर कोण होतं?" हेमा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "समोर तुम्ही एकटे बसायचात. मी इथून ऐकलं, पहिल्या दिवसापासून इथूनच. इथून दोन्ही सारखेच ऐकू येतात."

मी वळून पडद्यांकडे बघितलं.

"उलट हे बरे," असं म्हणून ती एकदम थांबली.

"काय बरे?"

"काही नाही."

"हेमा, काय बरे?"

"भावजींना विचारा," ती म्हणाली आणि परात शोधायला वाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याची एसटी धरली. अभयला कळलं असतं तर त्यानं जाऊ दिलं नसतं, म्हणून हेमालाच सांगून निघालो. तिनं अडवलं नाही. पिशवीत तो छोटा स्पीकर घेतला होता.

हुपरीकर सहकारनगरला एकटाच राहायचा. त्याची बायको कुमुद जाऊन काही वर्षं झाली होती. त्यानं दार उघडलं. मी आत जाऊन स्पीकर त्याच्या टेबलावर ठेवला. हे कुठलं, असं नाटक त्यानं केलं नाही.

"चहा टाकू?" त्यानं विचारलं.

"टाक."

त्यानं चहा आणून ठेवला. मग मी म्हटलं, "गणपतीत येऊन तू डोळे मिटून बसलास."

"हो."

"स्वतःच बसवलेला स्पीकर ऐकून म्हणालास, याला तोड नाही."

"हो."

"अभयनं सांगितलं म्हणून केलंस?"

"अभय म्हणत होता, पडदेच काढून टाकू. वहिनी म्हणाल्या, मग ते जगायचे नाहीत. हा मार्ग मी सुचवला."

"आणि मला कळणार नाही असं तुला वाटलं?"

हुपरीकरनं कप खाली ठेवला. "मला खात्री होती तांबट. म्हणून तर सुचवला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला पुष्कळ बोललो. सगळं इथे लिहीत नाही. तो ऐकत राहिला. मग उठून त्यानं कपाटातून एक जुनं यंत्र काढलं. रेडिओत असताना तपासणीसाठी वापरायचे तसलं, एक बटण फिरवलं की सूर बारीक बारीक होत जातो. त्यानं ते आपल्या स्पीकरला जोडलं.

"बस. सूर चढवत नेतो. थांबला की सांग."

मी बसलो. आधी शंखासारखा जाड सूर. मग बासरीसारखा. मग शिट्टी. शिट्टी बारीक होत गेली, विरली आणि गेली.

"थांबलं," मी म्हटलं.

 हुपरीकरचं बोट बटणावरच होतं.

"बंद केलंस ना?"

 तो दाराकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. बेल वाजली असावी. त्यानं दार उघडलं तर शेजारची बाई उभी होती, कडेवर पोर, पोराचं तोंड रडून लाल झालेलं.

"काका, ती शिट्टी कसली हो?" ती मोठ्यानं म्हणाली. "डोक्यात जातेय. हा तर झोपेतून उठून रडायला लागला."

"सॉरी, सॉरी," म्हणत हुपरीकर आला आणि त्यानं बटण बंद केलं. माझ्यासाठी खोलीत काहीच बदललं नाही. पण दारातल्या बाईच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या.

ती गेल्यावर तो माझ्यासमोर बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला कळलं त्याला चार-पाच वर्षं झाली. त्याआधीपासून असणार. पडदे म्हातारे होत नव्हते, तांबट. तू त्यांना चढवत नेलंस. तुला ऐकू यावं म्हणून. शेवटी शेवटी बाईंचा आवाज कानात सुई घातल्यासारखा यायचा. वहिनी कापूस घालून स्वयंपाक करायच्या."

"आणि तू म्हणायचास, खुललं."

"हो."

"तू खुललं म्हणायचास आणि मी परत जाऊन आणखी चढवायचो."

"हो."

"पहिल्यांदाच सांगायचं होतंस."

"पहिल्यांदा सांगितलं होतं," हुपरीकर म्हणाला. "अभयच्या लग्नाआधी. मी म्हणालो, वर फार टोचतंय, एकदा कान तपासून ये. तू म्हणालास, जन्मभर रेडिओची खरखर ऐकलेल्या माणसाला स्वच्छ आवाज टोचणारच. मग दोन दिवाळ्या तुझा फोन नाही."

मला ते आठवत होतं. फोन केला नव्हता हे आठवत होतं. कारण मात्र मी वेगळं धरून बसलो होतो.

"कुमुद नुकतीच गेली होती," तो म्हणाला. "इथे भिंतींशी बोलायचो मी. मग तूच एकदा फोन केलास, नवी फिल्म बसवलीय, ये म्हणून. आलो. बसलो. तू विचारलंस, खुललं का? मला पुन्हा येता यायला हवं होतं."

मला वाटत होतं मी त्याचा अपमान करायला आलोय. तो कसा करायचा हेच मला उमगेना.

"मग आता तू ये," मी म्हटलं. "तुझ्या कानांनी लाव. नीट माणसाला जसे ऐकू यायला हवेत तसे. एकदा. मग पुढचं पुढे."

मार्गशीर्षात सूनबाई सईला घेऊन धुळ्याला माहेरी गेली तेव्हा हुपरीकर आला. माझा ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट अभयनं माळ्यावर जपून ठेवले होते. पेसमेकरमुळे मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचं, असं ठरलं. तिथून मी बघत राहिलो. मी वर्षानुवर्षं चढवत नेलेलं सगळं हुपरीकरनं एकेक करून उतरवलं. ट्रान्सफॉर्मरच्या तारा बदलल्या, मधे रेझिस्टर घातले, व्होल्टेज कमी केलं. मधेमधे तो खुर्चीत जाऊन बसायचा, उठायचा, पुन्हा काहीतरी बदलायचा. आता मला विचारत नव्हता. दुपारची जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "झालं."

त्यानं सिन्नरची बैठक लावली.

मला तंबोरे ऐकू आले, पण शेजारच्या घरात कुणी गोधडीखाली रेडिओ लावावा तसे. जव्हारी नव्हती. बाई गात होत्या. त्यांचा आवाज होता, शब्दांच्या कडा नव्हत्या. भांड्याची जागा मला पाठ होती. ती आली आणि गेली. मला भांडं ऐकू आलं नाही; एवढे महिने ते मी आठवणीनंच ऐकत असणार.

अभय खुर्चीत होता, जरा पुढे झुकून. हेमा ओले हात पदराला पुसत आली होती आणि त्याच्या मागे उभी राहिली होती. हुपरीकर भिंतीला टेकून खाली बसला होता. द्रुत संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"छान," हेमा म्हणाली.

"छान आहे बाबा. खूपच," अभय म्हणाला.

मी हुपरीकरकडे बघितलं. "खुललंय?"

"खुललंय," तो म्हणाला.

मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिलो. हेमाचे डोळे ओले होते, निदान तसे वाटत होते. अभय अजून पडद्यांकडेच बघत होता. ते खरं बोलत असतील. बहुतेक बोलतच होते. पण गणपतीतही हुपरीकरचं आणि दारातल्या हेमाचं तोंड असंच दिसत होतं, आणि पडताळून बघायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

"घेऊन जा ते," मी हुपरीकरला म्हटलं.

"काय?"

"पडदे. पुण्याला घेऊन जा. इथे मूल आहे."

हेमा म्हणाली, "अहो, राहू द्या. सई थोडी मोठी झाली की—"

"ने म्हटलं ना."

हुपरीकरनं एकदा हेमाकडे बघितलं. मग त्यानं प्लग काढला, दोन्ही पडद्यांना अर्थिंगचा दांडा लावला आणि कापड घडी करायला घेतलं. दुसऱ्या दिवशी अभयनं टेम्पो बोलावला. जुन्या गाद्यांमध्ये गुंडाळून त्यांनी ते आडवे ठेवले. मी बाहेर गेलो नाही.

पुढे अभयनं मला कानाची यंत्रं आणून दिली. त्यातून सूनबाई काय म्हणते ते कळतं. गाणं कळत नाही. तंबोरा डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो, म्हणून मी गाणं लावत नाही. खोली मोकळी झाली तेव्हा हेमानं तिथे सईचा पलंग घातला.

हुपरीकरनं कितीदा तरी ऐकायला बोलावलं. मी गेलो नाही. दिवाळीला त्याचा फोन येतो. तब्येतीचं विचारतो, पुण्यातल्या गर्दीबद्दल तक्रार करतो. फोन ठेवताना मी एकदा विचारतो, पडदे कसे आहेत.

अजून उत्तम वाजतात, असं तो सांगतो.